नाळीची भाजी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही. देवापुढं बसले तरी मी दुसऱ्याच चुका कबूल करत आले — कुणाला उलटं बोलले, कुणाला दारातनं रिकाम्या हातानं पाठवलं. ही मात्र तशीच झाकून ठेवली. आज तुम्ही समोर आहात असं समजते आणि सांगते. मधेच थांबले तर थांबू द्या.

कुसुम माझी धाकटी जाऊ. माहेर कळंबचं, शाळा सातवीत सुटलेली. आमचं खताचं दुकान इंदापूरला. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या दिराचं, बारामतीला. सासूबाई काटेवाडीच्या घरी, धाकट्यांकडं. मी बारावी झालेली. लग्नात माझ्या सासऱ्यांनी पाव्हण्यांना मुद्दाम सांगितलं होतं, सुनेला इंग्रजी येतं म्हणून. तेवढाच काय तो माझा तोरा.

मग कुसुम आली. रूपानं बेताची, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठं. पण ती बसेल तिथं बायका गोळा व्हायच्या. सणाला मी इंदापूरहून पोळ्या लाटायला जायची, घामाघूम व्हायची — आणि सासूबाई माझ्याकडं बघत विचारायच्या, "कुसुम कुठं हाय गं?" एवढंच. एवढ्याचं काय वाटून घ्यायचं? पण वाटायचं.

आणि माळेचं. ते आधी सांगायला हवं.

माझी उज्ज्वला चार वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. बारामतीच्या दवाखान्यात ताप काही केल्या उतरेना. कपाळावरच्या पट्ट्या मी बदलत होते, औषध मी पाजत होते, डॉक्टरांच्या मागं मी पळत होते. तिकडं घरी कुसुमनं नवस बोलला — पोर उठून बसू दे, तुळशीची माळ घालीन, मटण-मासळीला शिवणार नाही. कुसुमनं! उजनीचा मासा काट्यासकट संपवणारी बाई ती. उज्ज्वला बरी झाली, आणि कुसुमच्या गळ्यात माळ आली.

सगळं घर म्हणायला लागलं, कुसुमच्या माळेनं पोरगी वाचली. उज्ज्वलासुद्धा तिला 'काकीआई' म्हणायला लागली. माझ्या लेकरासाठी जिनं आपल्या जिभेवर पाणी सोडलं, तिचा कुणी मत्सर करतं का? मी केला. ती माळ दिसली की माझ्या पोटात आग पडायची. माझ्या जागरणाची खूण कुठं होती? तिची तर गळ्यात होती, दिवसरात्र.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत एका खत कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना बायकांसकट सिंगापूरला न्यायचं ठरवलं. दोघं भाऊ त्यात बसले. काटेवाडीत पेढे वाटले गेले. माझ्या मनात काय आलं, सांगू? तिथं मराठी चालणार नाही. तिथं कुसुम माझ्या पदराला धरून चालेल. तिथं तरी.

आमच्या मार्गदर्शक बाई चिनी होत्या, पन्नाशीच्या. पिवळी छत्री उंच धरून पुढं चालायच्या, म्हणजे कुणी चुकायला नको. त्या इंग्रजीत सांगायच्या, मी आमच्या बायकांना मराठीत सांगायची. अर्धी सकाळ मी सुखात होते. खरंच.

मग समुद्राकाठचा तो पांढरा पुतळा आला — तोंड सिंहाचं, धड माशाचं, तोंडातनं पाण्याची धार. कुसुम कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं बया, ह्याच्या नैवेद्याला मटण ठेवायचं का शेवाळ?" सगळ्या हसल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं तर चिनी बाई इतक्या हसल्या की त्यांनी छत्री मिटली. शब्द माझे, हसू मात्र कुसुमला मिळालं. त्यांनी तिची माळ बघून काय आहे विचारलं. कुसुमनं हातवारे करून माशाचा आकार काढला आणि जोरानं मान हलवली. मी अर्थ सांगितला. तेव्हापासून दोघी हातात हात घालून चालू लागल्या. कुसुमनं त्यांना 'चला' शिकवलं. मग सबंध बसला "चला, चला!" अशी हाक. फोटोत त्या दोघी मधे, मी कडेला.

नवरा माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "बघ, इंग्रजी येत न्हाय तरी कशी मिसळली. तू का तोंड पाडून हिंडतीस?"

हे मी सबब म्हणून सांगत नाही. घडलं म्हणून सांगते.

दुपारी जेवायला एका मोठ्या छपराखाली नेलं. सगळीकडं खाण्याचे गाळे, वाफा, तव्यांचा आवाज. शाकाहारी लोकांची पंगत वेगळी होती. भात, शेवया, तळलेलं पनीरासारखं काहीतरी. ज्यांना तिथलं खास काही चाखायचं होतं त्यांच्यासाठी चिनी बाई एकेक बशी आणून ठेवत होत्या. त्यातल्या एका बशीत हिरवीगार पालेभाजी होती, लाल मिरचीत परतलेली. कुसुमनं एक देठ उचलला, मोडून बघितला. देठ आतनं पोकळ.

"अक्का! ही तर आपली नाळीची भाजी वो!"

कळंबला ओढ्याच्या डबक्यात उगवायची म्हणे. तिची आई कमरेभर पाण्यात उतरून काढायची. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कुसुमचे डोळे भरून आले. एवढ्या परक्या मुलखात तिला आईच्या हातची भाजी दिसली होती.

चिनी बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. हळूच म्हणाल्या, हिला सांगा, यात वाळवलेल्या कोळंबीचं वाटण आहे. ही खात नाही ना? साधं इंग्रजी होतं. शब्दन्‌शब्द कळला मला.

कुसुम माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हणत्यात बाई?"

मी — मी म्हणाले, "चांगली आहे म्हणतात. खा."

"वास कसला येतुय पण?"

"इथं सगळीकडं मासळीच शिजतीय. त्याचा असंल."

तिनं खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. चिनी बाईंनी मला विचारलं, सांगितलंत ना? मी म्हणाले, सांगितलं, तिची हरकत नाही. त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या, मग दुसऱ्या टेबलाकडं गेल्या.

पहिल्यांदा जीभ घसरली असं तुम्ही म्हणाल. मीही खूप वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण कुसुम म्हणाली, "अजून मिळंल का वो अक्का?" — आणि मी उठले. स्वतः त्या गाळ्यापाशी गेले, रांगेत उभी राहिले, दुसरी बशी भरून आणली. तिच्यापुढं ठेवली. रांगेत उभं राहून कुणाची जीभ घसरते का?

परत आल्यावर काटेवाडीत कुसुम सगळ्यांना सांगायची, "अक्कांनी मला परमुलखात जपलं. एक घास बाटू दिला न्हाय." सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

काही वर्षांनी कुसुमला क्षयानं धरलं. अंगावर मांस राहिलं नाही. औषधं सुरू झाली, पण डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, पायाचं सूप द्या, नाहीतर अंग धरायला फार वेळ लागेल. ती ऐकेना. दीर माझ्याकडं आला. "वैनी, तुमचं ऐकंल ती. तुमी सांगा."

मी गेले. तिच्या खाटेवर बसले. तिनं माझा हात धरला. हात नव्हे, काड्याच.

"अक्का, तितं एवढ्या लोकांत तुमी माझी माळ राखली. आता तुमीच सोड म्हणता?"

एक वाक्य बोलायचं होतं. माळ केव्हाच मोडली आहे कुसुम, आणि मोडली मी, तू नाही — आता खा. कदाचित तिनं खाल्लं असतं. कदाचित मनानं खचली असती. मी तो विचार केला का? नाही. मी विचार केला तो माझ्या पाठीवरनं फिरलेल्या हाताचा.

"नको सोडूस," मी म्हणाले.

बाहेर येऊन दिराला सांगितलं, तिची श्रद्धा आहे, मी मोडणार नाही. तो माझ्या पाया पडला.

कुसुम जगली. पण सावरायला फार दिवस गेले, आणि पहिल्यासारखी ती झालीच नाही. दोन वाक्यं बोलली की दम लागतो. मोठ्यानं हसणं तर गेलंच.

आणखी एक उरलंय. तेच खरं सांगायचं होतं, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरणं होतं. सिंगापूरच्या त्या दिवशी, जेवणानंतर, आम्ही बसमध्ये बसलो. कुसुम पोट भरल्यानं माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. तिची माळ माझ्या हाताला लागत होती. मला भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती. तसलं काही वाटलं नाही. कितीतरी वर्षांनी पोटातली आग विझली होती. मला बरं वाटत होतं. खिडकीबाहेर बघत मी गाणं गुणगुणत होते.