दोरीवरची दुपटी

बाळंतपणासाठी मी आईकडे होते. दुपारी बाहेर दोरीवर बाळाची दुपटी वाळत असायची आणि मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसायचे. वाऱ्याने ती फुगायची, मग रिकामी होऊन लोंबायची. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती गोड आहे गं! आता तुला हिच्याशिवाय काही सुचत नसेल." मी हसायचे. लेक रडली की तिला पाजायचे, टाके ओढले जायचे. मनात माया शोधायला जावं, तर तिथे नुसता थकवा असायचा. आईपण बाईच्या रक्तातच असतं म्हणतात. मग माझ्याच रक्तात ते कसं नव्हतं?

एकदा आई शेकायला शेगडी घेऊन आली, तेव्हा मी बोलून गेले, "आई, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही गं."

तिचे हात थांबले. निखाऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "तुझ्या वेळी मलाही वाटलं नव्हतं. बरेच महिने. कुणाला सांगितलं नाही."

"मग?"

"मग काय, करत राहिले."

तिच्या मायेत मला आजवर कधीच काही कमी जाणवलं नव्हतं.

लेक पुन्हा रडू लागली. माझ्या आत तरीही काही हललं नाही. मी तिला उचलून जवळ घेतलं.