माझ्या वाटचा प्रसाद

केमोथेरपीनंतर माझ्या रक्तातील पांढऱ्या पेशी फारच घटल्या आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. मला काचेच्या दाराआडच्या स्वतंत्र खोलीत हलवण्यात आले. ताप उतरत नव्हता आणि डॉक्टर मोजकेच बोलू लागले होते. फुले, अंगारा, बाहेरचे अन्न यांपैकी काहीही त्या खोलीत आणण्यास मनाई होती.

एका सकाळी पत्नी दारापलीकडे येऊन उभी राहिली. तिच्या ओंजळीत गणपतीच्या देवळातले साखरफुटाणे होते. तिने ते मला दाखवले, डोळे मिटले आणि सावकाश स्वतःच खाल्ले. मग फोन लावून म्हणाली, "तुमच्या वाटचा प्रसाद खाल्ला हो मी."

"अगं, तुला मधुमेह आहे ना?"

"प्रसाद तुमचा, तेव्हा साखरही तुमचीच वाढेल. पडा आता स्वस्थ!"

ज्याचा अभ्यास त्यानेच करावा, असे मी वर्गात आयुष्यभर बजावत आलो. श्रद्धेला मात्र हा नियम लागू नसावा. तापाच्या ग्लानीत माझी प्रार्थना अर्ध्यावरच तुटत असे. उरलेली काचेपलीकडे पूर्ण होत होती. स्वतः विश्वास धरण्याचे बळ उरले नाही, तरी आपल्या वतीने कोणी तो धरून आहे, एवढ्या आधारावरही माणूस तग धरतो.

पुढे एका पहाटे परिचारिकेने तापमापक पाहिला, खात्री करण्यासाठी पुन्हा लावला आणि हसून म्हणाली, "काका, उतरला बरं का!"

मी डोळे मिटून देवाला हात जोडले. प्रार्थना या वेळी शेवटपर्यंत म्हणता आली.