किनाऱ्याकडे तोंड केलेलं गलबत

लिहिणं हा माझा प्रांत नाही. संग्रहालयात तीस वर्षं चित्रांखालची लेबलं लिहिली, तीही दोन-चार ओळींची. तरी पट्टीबाईंबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

चित्रांना पुठ्ठ्याच्या चौकटी कापायचं त्यांचं काम. पोलादी पट्टी सदा हातात, म्हणून ते नाव. नवरा जहाजावर नोकरीला गेला तो अकरा वर्षं परतला नव्हता. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "येतील हो. समुद्र काही त्यांच्या बापाचा नाही, उशीर व्हायचाच." मला त्या भाऊ म्हणायच्या. तिथंच सगळं मिटलं होतं.

एकदा पाचशे वर्षांपूर्वीचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र चौकटीसाठी आलं. डावीकडे खडकावर ग्रीक पुराणातली अरियाडनी, उजवीकडे तिला झोपेत टाकून निघालेल्या प्रियकराचं गलबत. समुद्र नुसत्या आडव्या रेघांचा; किनाऱ्याशी दाट, पुढं विरळ, शेवटी कोरा कागद. बाईंनी भिंग लावलं.

"भाऊ, हे जातंय कुठं? येतंय की! पुढचं टोक बघा, तिच्याकडे आहे. शिडाच्या रेघाही तिकडेच फुगल्यात."

मी लेबलावर 'सोडून जाणारं गलबत' लिहून बसलो होतो.

"तसं नाही..." म्हणून मी अडखळलो. तो नवरा परतू नये असं मला आतून वाटायचं, म्हणूनच बोलायला जीभ रेटेना.

"काय ते खरं सांगा."

सांगितलं. छापताना चित्र उलटं उमटतं, म्हणून कोरणारा सगळं उलटं कोरतो. यानं गलबत दुसऱ्या चित्रावरून जसंच्या तसं उतरवलं असणार. छापल्यावर तेवढंच फिरलं. चूक आहे ती. ते जातच होतं.

बाईंनी पर्समधला आरसा काढून चित्राशेजारी धरला. अरियाडनी उजवीकडे गेली, गलबत डावीकडे. टोक मात्र तिच्याकडेच.

"उलटं करा, सुलटं करा, येतंय ते तिच्याकडेच," त्या म्हणाल्या. "शहाणे आहात भाऊ, पण बघत नाही नीट."

आणि पुठ्ठा कापायला वळल्या.

मी 'सोडून जाणारं' खोडलं. नुसतं 'गलबत' ठेवलं, आणि बराच वेळ त्या गलबताचा हेवा करत बसलो.