मधली दोन वर्षं

नोकरी मिळाली की पगार मिळतो, नाही मिळाली की किस्से. शर्वरी, माझगावचा नेल्सन आणि मी, आम्हा तिघांकडे सध्या किस्से भरपूर! कॉलेजात आम्ही एकाच विद्यार्थी संघटनेत. पदवीनंतर दोन वर्षं पूर्णवेळ मोर्चे आणि धरणं, मग बी.एड. आता प्रत्येक मुलाखतीत ती दोन वर्षं आडवी येतात. मला तर दुप्पट घाई. आई शाळेत शिकवत असेल तर मुलीची नर्सरी पक्की. माझ्या अन्वीला अजून कुठेच प्रवेश नाही आणि माझी नखं खाऊन संपलीत.

* * *

शर्वरीने गिरगावात बायोडाटावर लिहिलं, ‘सामाजिक कार्य’.

ट्रस्टींनी कौतुकाने विचारलं, “म्हणजे नक्की काय?”

“फीवाढीविरुद्ध आंदोलन.”

ट्रस्टी शिपायाला म्हणाले, “पंखा बंद कर रे, बाई निघाल्या.”

* * *

नेल्सनला त्याच्याच भागातल्या शाळेत फादरनी विचारलं, “तू लीडर होतास?”

“नाही फादर, मी फक्त माइक धरायचो.”

नोकरी नाही मिळाली. पण स्पोर्ट्स डेच्या अनाउन्समेंटला दरवर्षी बोलावतात. मानधन? एक सँडविच!

* * *

हे ऐकून मी दादरला सगळं लपवलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मधली दोन वर्षं रिकामी दिसतात. आजारपण वगैरे?”

मी घाबरून “हो” म्हटलं.

“आता बऱ्या आहात ना? परत नाही ना होणार?”

“नाही मॅडम. फक्त बातम्या बघताना जरा उचल खातं!”

* * *

लालबागला घरी सासूबाई भडकल्या. “आजारपण कित्याक सांगितलंस गो? पोलिसांच्या गाडीत बसलेलंस ता सांग! मी तुका सून करून आणलंय ती ह्याच बघून!”

नवरा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, “आणि मला वाटत होतं, मी पसंत केली!”

* * *

मग परळच्या शाळेत सगळं खरं लिहिलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “राजकारण वर्गात आणणार नाही ना?”

“नाही सर!”

डेमोच्या तासाला सहावीचं नागरिकशास्त्र. उदाहरण हवं म्हणून विचारलं, “शाळेत तुमची अडचण काय?”

“मुलींच्या टॉयलेटला कडी नाही!”

“कोणाला सांगाल?”

“सरांना!”

“एकेकट्याने की मिळून?”

एवढंच! बेल झाली. ऑफिसात सर म्हणतच होते, “मॅडम, आम्हाला जरा शांत स्वभावाचं माणूस...” आणि दारावर टकटक. पाच मुलं. पुढे दोन वेण्यांची एक मुलगी.

“सर, आमच्या दोन मागण्या आहेत. टॉयलेटला कडी आणि ह्याच बाई.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही शिकवलंत?”

“पुस्तकात आहे, सर,” मी कशीबशी म्हणाले.

“बरं बरं. कडी उद्याच बसवतो. पळा!”

मुलगी जागची हलली नाही.

“आणि बाई, सर? उद्यापासून की आजपासून?”