कंसातली भाची

ऑफिसातली पोरं हल्ली एक नवंच खूळ घेऊन बसली आहेत. इंटरनेटवर फक्त अक्षरं वाचायची. चित्र नाही, जाहिरात नाही, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नाही. त्यासाठी एक वेगळा, अगदी साधा प्रोटोकॉल वापरतात. "सर, बिल्कुल शांत वाटतं," म्हणतात. मला हसावं की चिडावं तेच कळत नाही. ह्याच चित्रांसाठी मी एकेकाळी जिवाचं रान केलं होतं!

तेव्हा आम्ही राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझं इंटरनेट विद्यार्थ्यांना मिळायचं तसलं: काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि चित्राच्या जागी चौकटी कंसात नुसता 'इमेज' हा शब्द. ताई लग्न करून अमेरिकेत गेलेली. तिला मुलगी झाली, तिनं बाळाचे फोटो एका पानावर चढवले, आणि आमच्याकडे उमटला तो कंस.

"म्हणजे माझी नात कंसात बसलीय का?" आईनं विचारलं.

मग ताई प्रत्येक फोटोखाली लिहायला लागली, रोमन लिपीत मराठी. बाळानं मूठ तोंडात कोंबलीय, नाक दुर्दैवानं आपल्या बाबांवर गेलंय, तू पाठवलेलं झबलं आत्ताच आखूड होतंय, आणि आज मी पहिल्यांदा एकटीनं गाडी चालवली. मी पान उतरवून घ्यायचो, फोनची लाइन मोकळी करायचो आणि मोठ्यानं वाचायचो. आई मटार सोलत ऐकायची.

पुढे राजधानीतल्याच द्वारकेच्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा मी हट्टानं चित्रांचं इंटरनेट घेतलं. पहिला फोटो वरून खाली सावकाश उतरला: आधी टोपरं, मग कपाळ, मग ते बाबांचं नाक. आई रडली. मी तर दिवसभर हवेत होतो.

आणि ताईनं लिहिणं बंद केलं. आता दिसतंच आहे, तर लिहायचं कशाला? फोटो येत राहिले. बाळ बागेत, बाळ केकसमोर. आई चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "ते ठीक आहे रे, पण ताई काय म्हणते?" हवं होतं तेच तर आणून दिलं होतं! माझा रागराग व्हायचा. फोनवर ताई "सगळं मस्त आहे" एवढं म्हणायची आणि ठेवून द्यायची.

एक दिवस आई म्हणाली, "तिला कळव, फोटो दिसेनासे झालेत."

"अगं, ही चक्क थाप आहे."

"असू दे. लिही तू."

मी लिहिलं. लवकरच नवं पान आलं, पूर्वीसारखं लांबलचक. मी नेहमीच्या सुरात वाचायला लागलो. केक विकतचा आहे, त्यावरचं गुलाबी फूल पोरीनं नाकाला फासलंय. बागेत ती हसतेय ती शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडे बघून. त्याखाली होतं: "फोटो मीच काढते, म्हणून मी कशातच नसते. आई, मला इथं अजिबात करमत नाही गं. दिवसभर बोलायला कोणी नसतं. फोटो दिसत होते तोवर तुला हे लिहावंसं मला वाटलं नाही. सगळे किती छान आलेत."

त्या ओळींच्या वर बाळ खदखदून हसत होतं, आणि कुठं बघावं ते मला समजेना.

आईनं चष्मा काढला. "तिला लिही," ती म्हणाली, "फोटो अजून दिसत नाहीत. रोज लिहीत जा म्हणावं, मी ऐकतेय."