अपडेटमामांचा बुधवार

समस्त नाशिककरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, या शहरात कसलीही घाई नसलेला एकच माणूस होऊन गेला आणि तो आमच्या वधू-वर मंडळाचा संगणक सांभाळत असे. त्यांना आम्ही अपडेटमामा म्हणायचो.

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मामा देवळाली कॅम्पहून बसने येत आणि अपडेट सुरू करून शेंगा सोलत बसत. पडद्यावरचा आकडा सत्तावीस टक्क्यांवर येऊन ठाण मांडे. कार्यालयाच्या सर्वेसर्वा सुलभाताई कावून विचारत, “मामा, हे आत करतंय तरी काय?”

“भोकं बुजवतंय, ताई. चोर शिरायच्या आधी,” मामा दमल्या आवाजात म्हणत.

ताईंचं दुखणं वेगळंच. अपडेट झालं की आमचा जुना मराठी फाँट बिथरे आणि गृहकृत्यदक्ष, सुस्वरूप मुलींच्या जागी नुसते चौकोन उभे राहत. मामा ते नीट करून देत, पण त्यात दिवस जाई. म्हणून ताई दारातच सांगू लागल्या, “आज नको हो मामा, मेळावा आलाय. पुढच्या महिन्यात.” मी कारकून, मीही मान डोलवायचो. मामा चहा पिऊन परत जात. जाताना विचारत, “पुढचा म्हणजे नक्की कुठला?”

असे चार बुधवार गेले. एका सकाळी संगणक उघडला, तर सगळ्या फायलींना कुलूप आणि वर कुठल्याशा चोराची खंडणीची चिठ्ठी! मेळावा चार दिवसांवर. मामा आले. आम्ही माना खाली घालून उभे. ते एवढंच म्हणाले, “कागदी फॉर्म आहेत ना? काढा.” त्यांनी संगणक पुसून नव्याने लावला आणि तीन दिवस दोन बोटांनी सगळी स्थळं पुन्हा टाइप केली. लागेल असा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आणि तरीही पुढच्या बुधवारी ताई म्हणाल्या, “आत्ताच तर नवं केलंत. आज राहू द्या.”

मामा जिन्यात थांबले. “एकदा होऊ द्या हो, ताई. मला झोप लागत नाही.” आणि गेले. त्यानंतरच्या बुधवारी मामा नाही, ते वारल्याचा निरोप आला.

दहाव्याला आम्ही गोदाकाठी गेलो. पिंड ठेवला, पण कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसून राहिले. मुलाने आईला सांभाळायचा शब्द दिला. पुतण्याने घोटीच्या जमिनीचा वाद मिटवायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले.

कावळा अखेर उतरला तो कशाने, हे मी गोदामाईच्या साक्षीने सांगतो. सुलभाताई एकदम पुढे झाल्या आणि ओरडल्या, “मामा, सकाळीच चालू करून आलेय हो! सत्तावीस टक्के झालंय, कुणाला हात लावू देत नाही!”