चौसष्ट नेचे आणि मागचं दार

माझी लेक नेचे निवडते. गावाबाहेर एक घाऊक नर्सरी आहे. दुकानदार, हॉटेलवाले, बागा लावून देणारे तिथून ट्रेच्या ट्रे उचलतात. एक-दोन कुंड्या हव्या असणाऱ्याला तिथे कुणी उभं करत नाही. आतल्या लांब टेबलावर रोपं येतात आणि कुठलं रोप कुणाकडे जाईल, कुठलं महिनाभर थांबेल, कुठलं फेकायचं, हे तिथे ठरतं. ते ठरवणारे मुकादम आता गुडघ्यांनी बेजार झालेत. त्यांच्यानंतर ते टेबल माझ्या लेकीला मिळणार की नाही, हा आमच्या घरातला सध्याचा प्रश्न आहे. वरवर तो नोकरीचा वाटतो. तसा तो नाही.

दोन वर्षांपूर्वी ती शेवटच्या वर्षाच्या पेपराला बसली आणि अर्ध्या तासात उठून घरी आली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "येत होतं. पण जे लिहितेय ते बरोबर आहे असं वाटेना." मग खोलीचं दार लावून घेतलं ते चौदा महिने. जेवायला यायची, डॉक्टरांकडे यायची, पण साधं दूध घट्ट आहे की पातळ हेसुद्धा सांगायची नाही. "तू बघ ना आई, मला नाही कळत." मी बघायचे. तिच्या कपड्यांपासून औषधांपर्यंत सगळं मीच बघायचे. सवय लागते.

न्हाणीघराच्या झरोक्यात एक नेचा होता. कुणी दिला ते आठवत नाही, मी त्याला पाणी घालायची विसरले होते. एक दिवस ती तो हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "याच्या पानांखाली ओळीने तपकिरी ठिपके आहेत. किडे नाहीत. इतक्या सरळ ओळीत किडे बसत नाहीत." कित्येक महिन्यांनी तिने एखादी गोष्ट स्वतःहून ठाम सांगितली होती. मी ओट्याला धरून उभी राहिले. ते ठिपके म्हणजे नेच्याचे बीजाणू, हे तिने नंतर शोधून काढलं. मग आणखी नेचे हवेत म्हणून चालत त्या नर्सरीत गेली. दाराशी मुकादम भेटले.

"एक रोप? इथे एक असं काही मिळत नाही, पोरी. ट्रे घे, नाहीतर रस्ता धर."

तिने ट्रे घेतला, म्हणजे दाराशीच ठेवलेला उचलला, उलटा केला, मुळं बघितली आणि म्हणाली, "यातली तीन रोपं बाकीच्यांसारखी नाहीत." मुकादमांनी चष्मा पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला जायला लागली.

नेच्यांच्या दोन जमाती असतात, एवढं मलाही आता कळतं. काही उष्ण जंगलांतले. त्यांना ऊब लागते, दमट हवा लागते, दाराची फट उघडी राहिली तरी कडा करपतात. पक्ष्याच्या घरट्यासारखे गोल वाढणारे, हरणाच्या शिंगांसारखे फाकणारे, हे सगळे त्यातले. दुसरे काटक. थंडीत पार जमिनीशी निजतात आणि बर्फाखालून पुन्हा उठतात. मुकादम पहिल्यांना जावई म्हणतात आणि दुसऱ्यांना सुना. "जावयाला काचघरात बसवायचं, वर फवारा मारायचा, तरी तोंड वाकडं. सुनेला कुठेही ठेवा, करते बिचारी." माझी लेक यावर म्हणते, "करत नाही, मुकादम. आतून जमवून ठेवते, म्हणून टिकते." टेबलाशी काम करणाऱ्या बायका हसतात. हे सगळं मला तिच्या तोंडून कळायचं, जेवताना. ती बोलायची आणि मी तिची पोळी गार होऊ द्यायची.

अडचण अशी की लहानपणी जावई आणि सून ओळखू येत नाहीत. काळ्या बारीक देठाचा हंसराज घ्या. एक हंसराज काचघराबाहेर दोन रात्री काढत नाही, दुसरा गोठलेल्या मातीतून वर येतो, आणि बोटभर असताना दोघांचं पान सारखंच नाजूक. ती पानाकडे बघतच नाही. अंगठ्याने मातीलगतचा गड्डा दाबते, तो टणक लागला तर काटक. उंच, हिरवीगार रोपं बाजूला सारते आणि बुटकी, मळकट उचलते. मी एकदा बघायला गेले होते तेव्हा राहवलं नाही.

"अगं, चांगली सोडून ही मरतुकडी काय घेतेस?"

"आई, ही मरतुकडी नाहीत. ही घाईत नाहीत."

या वर्षी थंडी सरता सरता तिला पहिली मागणी स्वतंत्रपणे मिळाली. शेजारच्या गावातलं एक रुग्णालय. आत काचेचं मोठं दालन, तिथे उबेतले नेचे. मागे उत्तरेचं अंगण, ऊन नाही, वारा मात्र सरळ आत, तिथे काटक. मुकादम म्हणाले, "निवड तुझी, लागण तुझी. हे उभं राहिलं की टेबल तुझं. मी मधे पडणार नाही."

दालनाचे नेचे काचघरातून थेट गेले. अंगणासाठी तिने चौसष्ट काटक नेचे निवडले, पण तेही वाढले होते काचेखालीच. अशी रोपं एकदम उघड्यावर लावत नाहीत. आधी दोन आठवडे उघड्या हवेत ठेवून थंडीला सरावावी लागतात. नर्सरीच्या मोकळ्या वाफ्यांत नेमकी खडी टाकायचं काम निघालं होतं. म्हणून ते आठ ट्रे आमच्या मागच्या दाराबाहेर आले. तिला स्वतःला अंगणाची माती तयार करायला बारा दिवस तिकडेच राहायचं होतं. आजारानंतर पहिल्यांदाच ती घराबाहेर झोपणार होती.

निघताना म्हणाली, "माती सुकली तर पाणी. बाकी काही करायचं नाही."

"आणि गारठा पडला तर?"

"तर काही करायचं नाही. तेच काम आहे त्यांचं."

हे म्हणाले, "साहेबांनी हुकूम दिलाय. ऐका." लेक नर्सरीत लागल्यापासून तिचे बाबा तिला साहेब म्हणतात.

पहिल्या संध्याकाळी मी दार उघडून बघितलं. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. आणि ती बोटभर रोपं थरथरत होती. पान आहे, वाऱ्याने हलणारच, हे मला कळत होतं. तरी मी एक ट्रे आत घेतला, मग दुसरा. आठही ट्रे स्वयंपाकघराच्या फरशीवर, शेगडीच्या बाजूला मांडले. सकाळी ती उठायच्या वेळेला, म्हणजे ती इथे असती तर ज्या वेळेला उठली असती त्या वेळेला, पुन्हा बाहेर.

"आता त्यांना स्वेटर विणणार का?" हे ट्रे ओलांडत म्हणाले.

"तुम्ही फक्त बोलू नका तिला."

रोज पाचला तिचा फोन यायचा. "आई, ट्रे बाहेरच आहेत ना?" मी म्हणायची, "बाहेरच आहेत." पाचला ते खरंच बाहेर असायचे. सहाला आत आणायचे. त्या वेळी मला यात खोटं काही वाटलं नाही. उलट नवव्या-दहाव्या दिवशी प्रत्येक कुंडीतून वळलेले कोंब उलगडून वर आले, फिकट पोपटी, लांब, आणि मला वाटलं, बघा, कुणीतरी लक्ष दिलं की कसं होतं.

तेराव्या दिवशी ती टेम्पो घेऊन आली. खाली बसून बघत राहिली. "इतक्या लवकर कसे उलगडले?"

"हवा चांगली होती," मी म्हटलं.

अंगणात लागण झाली. सात दिवसांनी जाता जाता थंडीने एकदा मागे वळून पाहिलं. अंगणातलं पाणी पहाटे काचेसारखं झालं आणि चौसष्टच्या चौसष्ट नेच्यांचे कोंब काळे पडून माना टाकून बसले. आतल्या दालनातले जावई मजेत होते.

ती घरी आली ती थेट खोलीत. रात्रभर तिने नर्सरीची सगळी लेबलं जमिनीवर मांडली होती. सकाळी मी आत डोकावले तर म्हणाली, "मी उबेतलेच उचलले असणार. काटक असे मरत नाहीत. मला दोघांतला फरक कळतो असं मला वाटत होतं फक्त." मी म्हटलं, "अगं, थंडीच जास्त होती." ती म्हणाली, "तू बघ ना आई, मला नाही कळत." आणि दार लावून घेतलं.

मला तोपर्यंत पूर्ण कळलं होतं असं मी म्हणणार नाही. शंका होती. शंका असली की माणूस आणखी शंका गोळा करतो: हवामान, माती, रुग्णालयाचे माळी. तीन दिवस मी त्या गोळा केल्या आणि तिच्या दाराशी ताट ठेवत राहिले.

तिसऱ्या दिवशी मुकादम आले, काठी टेकत. हातात एक काळवंडलेली कुंडी. स्वयंपाकघरातच बसले, चहा घेतला, कुंडी टेबलावर ठेवली.

"बाई, हे देठ बघा. बाहेर वाढलेला देठ आखूड असतो, जाड असतो. हा बोटभर लांब आणि पांढरट. हा उबेत वाढलाय." मग फरशीकडे बघितलं. शेगडीच्या बाजूला आठ चौकोनी डाग होते, मातीचे, पुसून पुसून न गेलेले. त्यांनी चहा संपवला. "निवड बरोबर होती. मी गड्डे तपासले. पण हे मी सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारा समजूत घालतोय."

"टेबलाचं काय?"

"आपण चुकलो असं वाटणाऱ्या हाताला टेबल देता येत नाही. तो हात एकेक रोप दहा वेळा दाबतो. रोपं दाबूनच मरतात." काठी घेऊन उठले. "सोमवारपर्यंत थांबतो."

ते गेल्यावर मी पुष्कळ वेळ डाग घासत बसले. मग तिच्या दाराशी गेले. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून दार बंद आहे तेच बरं असं वाटलं.

"ट्रे मी आत घेत होते," मी दाराला सांगितलं. "रोज संध्याकाळी. शेगडीपाशी ठेवायचे. सकाळी बाहेर. तू फोन करायचीस तेव्हा बाहेर असायचे."

मग दार उघडलं.

"किती दिवस?"

"बारा."

"बाराच्या बारा?"

"एक दिवस ह्यांना आणायला सांगितलं होतं, माझी कंबर धरली होती."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. ओरडली. चौदा महिने आणि त्यानंतरच्या सबंध काळात मी तिचा वरचा आवाज ऐकला नव्हता. "तुला एकच काम दिलं होतं, काही न करण्याचं. एक. मी तीन दिवस इथे बसून स्वतःला आंधळी समजतेय आणि तू मला दाराशी भाजी ठेवतेस." आणखीही बोलली. त्यातलं काही नेच्यांबद्दल नव्हतं. दुधाबद्दल होतं, कपड्यांबद्दल होतं, तिच्या औषधाच्या गोळ्या मी मोजते त्याबद्दल होतं. हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही.

मग स्वयंपाकघरात येऊन तिने टेबलावरची कुंडी उचलली, काळे कोंब खुडले, अंगठ्याने गड्डा दाबला. पुन्हा दाबला नाही. "टणक आहे," असं म्हणाली, मला नव्हे, आणि चपला घालून नर्सरीत गेली.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जाऊन तिने एकेक गड्डा तपासला. पंचावन्न टणक होते, नऊ पिचले होते. टणक परत फुटतील, पण कधी ते कुणी सांगत नाही, आणि तोवर रुग्णांच्या खिडक्यांखाली काळी माती दिसत राहणार. रुग्णालयाचे लोक नाराज आहेत. मुकादमांनी टेबल दिलेलं नाही, नाकारलेलंही नाही. नऊ नेचे नव्याने निवडायचे, सरावायचे, लावायचे, मग बघू, असं म्हणाले. खडीचं काम अजून चालूच आहे. म्हणून एक ट्रे पुन्हा आमच्या मागच्या दाराबाहेर आहे. नऊ जागा भरायच्या आणि एक राखीव, असे दहा नेचे. बुटके, मळकट.

ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मीठ दे, टेम्पो सातला येईल, एवढंच. पूर्वीचं न बोलणं आणि हे न बोलणं यांत फरक आहे असं हे म्हणतात. मला दोन्ही ऐकायला सारखीच वाटतात.

काल निजायला जाताना तिने मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपली. त्या कुलपाला दुसरी किल्ली आहे. वर्षानुवर्षं ती चहाच्या डब्यामागे असते, हे तिला माहीत नाही. काल दोनदा मी त्या डब्यापर्यंत जाऊन आले.

आज बाहेर कालच्याहून जास्त गार आहे. खिडकीची काच हाताला लागते तेव्हा कळतं. मघाशी जेवणं झाल्यावर मी डब्यामागची किल्ली काढली आणि तिच्या कामाच्या पिशवीत, हातमोज्यांच्या खाली ठेवली. मग तिने मागच्या दाराला कुलूप घातलं आणि पिशवी घेऊन खोलीत गेली. दार तिने आतून लावून घेतलंय.